एक कात आणि रजिस्टरचा रकाना

मंगळवारी राधानगरीकडच्या एका वॉचर मामांनी मिठाईच्या बॉक्समध्ये कापसावर ठेवून कोळ्याची कात आणून दिली. "फेकू नका म्हणलासा तुमी, म्हणून आणली मॅडम." त्यांच्या परड्यातल्या जांभळाच्या ढोलीखाली पडली होती. अशा माणसांच्या जिवावर आमचं कलेक्शन उभं आहे.

पुढच्या पायांच्या आतला लिंबासारखा पिवळा रंग कातीवरही शाबूत, पोटाखाली फिकट आडवा पट्टा, म्हणजे पोइसिलोथेरिया रेगॅलिस, पोकॉकने 1899 साली वर्णन केलेला झाडावरचा टॅरँटुला. पोइसिलोथेरिया हा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, फक्त भारत आणि श्रीलंकेतला. इथपर्यंत भांडण नाही, भांडण उपकुलाचं, म्हणजे जीनसच्या वरच्या मोठ्या गटाचं.

लोकांना कात म्हणजे कचरा वाटतो, पण मादीच्या कातीबरोबर शुक्राणू साठवायच्या पिशवीचं, स्पर्मथेकाचं अस्तरही बाहेर येतं. पोटाकडचा चुरगळलेला भाग मी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून भिजवला, पाऊण तास हात लावला नाही (घाई केली की फाटतं, आणि फाटलं की संपलं), मग बारीक ब्रशने उलगडत उलगडत पुढच्या फुप्फुसांच्या जोडीमधली घडी मायक्रोस्कोपखाली सरळ केली. एकच अखंड पिशवी! आपल्याकडे बांधाच्या बिळात राहणाऱ्या चिलोब्रॅकिस या दुसऱ्या टॅरँटुलामध्ये, म्हणजे सेलेनोकॉस्मिनी उपकुलात, दोन वेगळ्या दिसतात. मग त्याच कातीचा जबड्याजवळचा भाग उलटा केला तर तिथे लायरा, घासून आवाज काढायच्या राठ केसांची पट्टी, आणि ही खूण मात्र सेलेनोकॉस्मिनीची.

सीनियर सरांनी लायरा बघितला आणि रजिस्टरमध्ये सेलेनोकॉस्मिनी लिहून मोकळे झाले. मी म्हटलं, सर, डीएनएवरच्या अलीकडच्या कामांत हा जीनस वेगळा पडतोय, पोइसिलोथेरिनी वेगळं उपकुल धरतात. तर म्हणाले, रकाना रिकामा ठेवायचा नसतो. मला याचाच राग येतो. आमच्या कपाटात अशा बाटल्या आहेत की उपकुल ठसठशीत आणि खाली नुसतं 'आंबा घाट', ना झाड, ना उंची, ना तारीख.

शेवटी मी पेन्सिलीने दोन्ही नावं लिहिली आणि दोन्ही खुणांचे फोटो नंबर. सर अजून काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय, हा लायरा पोइसिलोथेरिया आणि सेलेनोकॉस्मिनी दोघांना एकाच पूर्वजाकडून मिळाला, की घासून आवाज काढायची सोय दोनदा वेगवेगळी झाली? केसांचा आकार आणि मांडणी चिलोब्रॅकिसच्या कातीशेजारी ठेवून बघायचीय. मामांना फोन केलाय, बांधावरची सापडली तर तीही ठेवा.