तुम्ही विचारलंत म्हणून: टेस्ट सेलमध्ये थ्रस्ट कमी का दिसतो?

"माहितीपत्रकात ५२ किलोन्यूटन, टेस्ट सेलमध्ये जेमतेम ४५. खोटं कोण बोलतंय, इंजिन की लोडसेल?" बहुतेक वेळा कुणीच नाही. (टेस्ट सेल म्हणजे जेट इंजिन बसवून चालवून बघायची बंद खोली, थ्रस्ट म्हणजे इंजिनचं पुढे ढकलणारं बळ, आणि लोडसेल म्हणजे ते बळ मोजणारा सेन्सर.)

आधी हवा बघा. समजा सेल बेंगळुरूत आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर. तिथला हवेचा दाब साधारण ९१ किलोपास्कल, प्रमाण दाब १०१.३२५. गुणोत्तर ०.९, म्हणजे दहा टक्के थ्रस्ट इथेच गेला. तापमान वेगळंच छळतं: ३० अंशांना फिरणारे १०,००० आरपीएम हे प्रमाण १५ अंशांच्या हिशेबात ९,७५० च्या आसपास भरतात. नुसते आरपीएम जुळवून दोन दिवसांच्या चाचण्यांची तुलना करणं म्हणूनच व्यर्थ.

खरी गोम सेलच्या आत आहे. उघड्या मैदानात, वारा पडलेला असताना, इंजिन स्थिर हवा ओढतं. बंद सेलमध्ये हवा बेलमाउथपर्यंत (इंजिनच्या तोंडाशी बसवलेल्या कर्ण्यापर्यंत) येते तीच वेगानं. सेकंदाला ७५ किलो हवा, वेग १० मीटर: ७५० न्यूटन. इंजिननं निर्माण केलेलं हे बळ लोडसेलला दिसतच नाही. इंजिनच्या बाजूनं डिट्यूनरकडे (एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या नळकांड्याकडे) जाणारा प्रवाह क्रेडलला, म्हणजे इंजिन धरणाऱ्या सांगाड्याला, मागे रेटतो, त्याचं बळ वेगळं. हे सगळं आधी मोजलेल्या थ्रस्टमध्ये मिळवायचं, मग दाबाच्या गुणोत्तरानं, ०.९ नं, भागायचं. क्रम उलटा झाला की आकडा चुकला.

मग तो बाजूचा प्रवाह बंदच का करू नये? कारण तो अपुरा पडला की गरम धूर फिरून इनटेकमध्ये शिरतो, जमिनीवरून भोवरे उठतात आणि काँप्रेसर सर्जच्या (आतला प्रवाह बिघडून उलटा फिरण्याच्या) तोंडाशी जातो. इंजिनच्या प्रवाहाच्या निदान ०.८ पट हवा बाजूनं जावी, असा ढोबळ आडाखा आहे.

आता लोडसेल. त्याचं कॅलिब्रेशन इंजिनला जाणारे होझ (लवचीक नळ्या) जोडून, त्यांत कामाचा दाब भरूनच करा. दाब भरला की इंधनाचा होझ ताठतो आणि थ्रस्ट फ्रेमला चक्क ढकलतो. रिकाम्या होझवर केलेलं कॅलिब्रेशन कागदावर देखणं दिसतं, एवढंच.

एवढं करूनही आकडा कमीच आला, तर इंजिनचं गणिती मॉडेल काढा. हवेचा प्रवाह, इंधन, एक्झॉस्टचं तापमान मॉडेलशी जुळतंय आणि थ्रस्ट तेवढा कमी आहे? संशय स्टँडवर, म्हणजे थ्रस्ट मोजणाऱ्या सांगाड्यावर, घ्या. त्याच करेक्टेड (१५ अंशांच्या हिशेबातल्या) आरपीएमला प्रवाह घटलाय आणि एक्झॉस्ट तापलाय? काँप्रेसर धुवा. फक्त इंधन जास्त दिसत असेल, तर इंजिन खोलण्याआधी त्या बॅचचा उष्मांक तपासा.