पैसे कधी मिळणार? तुम्ही विचारलंत म्हणून

‘साहेब, अध्यक्ष आत आहे, मग आमची ठेव अडकली कुठे?’ मी पोलीस, बुडालेल्या पतसंस्थेचा तपास माझ्याकडे. ती बुडाल्यापासून टपरीवर, लग्नात, एकदा तर स्मशानात हाच प्रश्न. पाच लाखांचा विमाही विचारतात. तो बँकांच्या ठेवींना असतो, पतसंस्थेच्या नाही.

पैसे तिजोरीत नाहीत. ते कर्ज म्हणून बाहेर गेलेत. पिग्मी (रोजची छोटी बचत) भरणाऱ्या भाजीवाल्याच्या आधारच्या झेरॉक्सवर तीन लाखांचं कर्ज, त्याला पत्ताच नाही. जामीनदार तेच दोघे, आलटून पालटून. मार्च आला की थकबाकी दिसू नये म्हणून नवं-जुनं: नवं कर्ज काढून जुनं भरलेलं दाखवायचं, रोख हलतच नाही.

छापील रोजकीर्द चाळून हे सापडत नाही, ती जुळवलेलीच असते. सॉफ्टवेअरचा लॉग, म्हणजे कुणी कधी काय नोंदलं याची आपोआप होणारी नोंद, काढावा लागतो. व्हाउचरवर तारीख 31 मार्च, नोंद मात्र 9 एप्रिलच्या रात्रीची, तीही शिपायाच्या लॉगिनवरून. कागदावर रोख शिल्लक 42 लाख, म्हणजे पाचशेच्या नोटांची 84 बंडलं. पंचनाम्यात मोजली, सात भरली. आणि डिस्कची हॅश व्हॅल्यू (आतलं काहीही बदललं की बदलणारा आकडा) पंचनाम्यात लिहायची राहिली, संगणकातल्या पुराव्यासाठी लागणारं साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडलं नाही, की लॉग मागाहून घातला म्हणायला वकील मोकळा. तुम्हाला ‘पोलीस नुसते कागद गोळा करतात’ असं दिसतं, ते हेच.

आता तुमचा खरा राग. गुन्हा उशिरा का घेतला? लेखापरीक्षणाचा अहवाल येऊ दे, हा हट्ट माझाच होता. तेवढ्यात संचालकांनी बायकांच्या नावे बक्षीसपत्रं केली, सातबाऱ्यावर फेरफारही पडले. एमपीआयडी कायद्यात, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाच्या राज्याच्या कायद्यात, अशी मालमत्ताही जप्त करता येते, पण व्यवहार लबाडीचा होता हे न्यायालयाला पटावं लागतं. त्यात वर्षं जातात. तेव्हाचा मी अजून म्हणतो: अहवालाशिवाय अपहाराचा आकडा कुठून आणला असतास? बरोबर आहे. जमीन गेली, हेही बरोबर आहे.

पुढचं थोडक्यात. प्रस्ताव शासनाकडे जातो, जप्तीची अधिसूचना निघते, सक्षम प्राधिकाऱ्याने (जप्त मालमत्तेसाठी शासनाने नेमलेला अधिकारी) 30 दिवसांत विशेष न्यायालयात अर्ज करायचा. तिथे जप्ती कायम झाली की लिलाव, मग प्रमाणात वाटप. ‘सहा महिन्यांत’ असं मी पूर्वी सांगायचो. ते चुकलं.

मूळ पावती कुणाच्याही हाती देऊ नका. अर्जासोबत झेरॉक्स जोडा, पोच घ्या. आणि त्याच संस्थेचं कर्ज असेल तर हप्ते भरत राहा. संस्था बुडाली म्हणून कर्ज माफ होत नाही, आणि वाटायला जे येणार त्यात तुमचा हप्ताही आहे. ठेव नसलेले कर्जदार मात्र मला टपरीवर कधीच भेटत नाहीत.