बाबांच्या छातीतला पाईप

अँजिओप्लास्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचं हिमोग्लोबिन १२.८ वरून ८.४ वर आलं. स्टेंट नीट बसलेला, नळी घातलेली मांडीची जखम कोरडी. मग रक्त गेलं कुठे? बाबा म्हणत होते, डाव्या कुशीत खुपतंय, पुरता श्वास घेववत नाही. हार्ट अटॅकनंतर छाती दुखतेच, असं समजून सगळे त्याकडे पाहत होते.

फाईलमध्ये ‘सीपीआर दिला’ एवढीच नोंद होती. १०८ ची गाडी येईपर्यंत घरी लादीवर मीच छाती दाबत होते, शेजारच्या काकांशी आलटूनपालटून. मध्येच कट्ट असा आवाज आला होता. तो मी कुणालाच सांगितला नव्हता. त्या सकाळी सांगितला. आदल्या दिवशीच सांगायला हवा होता, आणि कुणीतरी विचारायलाही हवं होतं.

बेडपाशीच सोनोग्राफी झाली. डाव्या फुप्फुसाभोवती रक्त साचलं होतं. सीटीत चार बरगड्या मोडलेल्या दिसल्या. मला रडू फुटलं. सर्जन म्हणाले, “छाती पाच-सहा सेंटीमीटर दाबावी लागते, या वयात बरगड्या मोडतातच. त्या जुळतील. तुम्ही थांबला नाहीत, हे बरं केलंत.”

खरा पेच पुढे होता. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिनी जाते. तिथली जखम एरवी कदाचित आपोआप थांबली असती, पण अंगात रक्त गोठू न देणारी औषधं: अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलोरच्या गोळ्या, वर हेपॅरिनचं इंजेक्शन. ती बंद करावीत तर स्टेंटमध्ये गुठळी, चालू ठेवावीत तर छाती भरणार. शेवटी हेपॅरिन थांबवलं, दोन्ही गोळ्या चालू ठेवल्या. मी थरथरत सही केली.

बरगड्यांच्या मधून पाईप घातला, तेव्हा एकदम ९०० मिली रक्त आलं. पुढे तासाला २०० मिलीच्या वर सलग येत राहिलं तर छाती उघडावी लागेल, असं सांगितलं होतं. सिस्टर दर तासाला बाटलीवरच्या चिकटपट्टीवर खूण करायच्या. १२०, ७०, ४०. त्या रात्री मी त्या पट्टीशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. दोन पिशव्या रक्त चढवलं. पाचव्या दिवशी पाईप काढला.

आता बाबा घरी आहेत. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरतात. दिवसातून चारदा ते तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र ओढतात. दोन चेंडू वर जातात. तिसरा अजून हलत नाही.