फोटो नक्की कधी काढला, ते कुठे बघायचं

नव्या हार्ड डिस्कवर जुने फोटो टाकले की सगळ्यांपुढे एकच तारीख दिसते आणि लोकं घाबरतात, की गेला सगळा रेकॉर्ड. काही गेलेलं नसतं हो. 'डेट क्रिएटेड' म्हणजे ती फाईल त्या डिस्कवर कधी आली ते, फोटो कधी काढला ते नाही. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स टॅब, आणि तिथं 'डेट टेकन' बघा, ती कॅमेऱ्यानं क्लिक केल्या क्षणी लिहिलेली असते.

त्याच टॅबमध्ये खाली गेलात की खरी मजा. आम्ही सातारकर, पाऊस ओसरायला लागला की कास पठारावर जाणं आलंच, तर तिथल्या 'सीतेची आसवं' नावाच्या निळ्या रानफुलांचे दोन फोटो मी शेजारी शेजारी उघडून बघत होतो, एक एकदम शार्प आणि दुसरा नुसता निळा धुरळा. डिटेल्समध्ये बघितलं तर पहिल्याचा एक्सपोजर टाइम १/२५० सेकंद आणि दुसऱ्याचा १/१५, म्हणजे धुकं आल्यावर उजेड कमी झाला, कॅमेऱ्यानं शटर जास्त वेळ उघडं ठेवलं आणि तेवढ्यात वाऱ्यानं फूल हललं! फोटोग्राफीच्या क्लासपेक्षा हे बघून जास्त कळतं असं माझं मत आहे. या माहितीला एक्झिफ म्हणतात, १९९५ पासून जपानी कॅमेरावाल्यांनी चालू केलेली पद्धत.

मोबाईलचं लोकेशन चालू असेल तर जीपीएस पण दिसतं, कासच्या फोटोत लॅटिट्यूड १७ अंश ४३ मिनिटं आणि लाँगिट्यूड ७३ अंश ४९ मिनिटं असं काहीतरी. कासचं ठीक आहे, पण घरातल्या सोफ्याचा फोटो विकायला टाकताना घराचा पत्ता कशाला द्यायचा? डिटेल्सच्या तळाशी 'रिमूव्ह प्रॉपर्टीज' ची लिंक आहे, ती वापरा.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा आलेला फोटो असेल तर हे काहीच सापडणार नाही, ते सगळं पुसून पाठवतं. फाईलच्या नावात डब्ल्यूएच्या आधी जे आठ आकडे असतात ती फोटो व्हॉट्सॲपवर आल्याची तारीख, काढल्याची नाही. लग्नाचे वगैरे फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं आधीच सांगून ठेवायचं.

आणि डेट टेकन म्हणजे काय ब्रह्मवाक्य नाही. मावशीचा जुना कॅमेरा बरेच महिने कपाटात पडून होता, बॅटरी उतरली, घड्याळ रिसेट झालं आणि तिचे कासचे फोटो चक्क १ जानेवारीचे. जानेवारीत पठारावर वाळकं गवत असतं, फुलं कुठली! अशा वेळी एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात फरक किती ते सांगितलं की सगळ्या फोटोंच्या तारखा एकदम सरकतात. फक्त तो प्रत्येक फोटोची मूळ कॉपी बाजूला ठेवतो, त्यामुळे डिस्कवर जागा आहे का बघून मगच चालू करा.