जुनी लेगसी जीटी वॅगन घेताय?

आज अमेरिकेतली एक 2005 ची सुबारू लेगसी जीटी वॅगन तपासली. अडीच लिटर टर्बो, 250 हॉर्सपॉवर, पाचही गिअर हाताने टाकायचे आणि मागे अख्खा संसार मावेल एवढी डिकी. भुरळ पडणारच!

पण बोनेट गार असतानाच जा. मालकाने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर शंका घ्या. इंजिनात खालून येणारी खोल ठकठक गरम झाल्यावरही थांबली नाही, तर रॉड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला जोडतो तिथलं बेअरिंग) गेल्याची शंका. तिथून सरळ घरी परत.

या गाडीचं खरं दुखणं तेल. टर्बोला तेल नेणाऱ्या नळीच्या बँजो बोल्टमध्ये (पोकळ बोल्ट, ज्यातून तेल जातं) बारीक जाळी असते. तेल बदलायला उशीर झाला की ती गाळाने तुंबते, टर्बोचं बेअरिंग कोरडं पडतं आणि त्याचा धातूचा चुरा इंजिनात फिरतो. म्हणून 5डब्ल्यू-30 सिंथेटिक तेल दर साडेतीन हजार मैलांना बदला आणि दर दुसऱ्या पेट्रोलला डिपस्टिक बघा. तेलाच्या पावत्या नसतील तर चकचकीत रंगाला काय चाटायचंय?

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारा पट्टा) 1,05,000 मैलांना बदलायचा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. आयडलर, टेन्शनर (बेल्टला वळवणारी आणि ताणून धरणारी चाकं), वॉटर पंप त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच.

टायर चारही एकदम. घेरात पाव इंचाहून जास्त फरक पडला की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरेन्शियल तापून मरतो. मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा, गाडी अडखळली तर तो गेला असं समजा.