पहिलं पाणी

परवा दुपारी जेवण जड झालं म्हणून अंगणात येरझाऱ्या घालत होतो, तर शेजारच्या वहिनींच्या दोरीकडे लक्ष गेलं. मुलाच्या शाळेच्या चड्ड्या, एक फुलाफुलांचा गाउन, दोन बनियन, आणि त्यांच्यापासून चांगलं हातभर अंतर ठेवून ओळीनं लावलेले छोटे पांढरेशुभ्र कपडे. प्रत्येकावर लाल दोऱ्यानं भरलेला बोटाच्या पेराएवढा क्रूस. म्हणजे या महिन्यात आल्ताराच्या, चर्चमधल्या वेदीच्या, कपड्यांची पाळी वहिनींची.

आमच्या वसईत ज्याचं बालपण चर्चच्या आवारात गेलंय त्याला हे कपडे लांबूनही कळतात. लांबट असतो तो मिस्सात, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, द्राक्षारसाचा प्याला पुसायचा. चौकोनी असतो तो वेदीवर अंथरायचा, त्याला कॉर्पोरल म्हणतात. त्याची घडी तीन आडव्या, तीन उभ्या अशीच पडली पाहिजे, उलगडला की नऊ घरं दिसली पाहिजेत. आणि घडी आतल्या अंगाला घालायची, म्हणजे ख्रिस्तशरीराचा, मिस्सातल्या पवित्र भाकरीचा, एखादा कण राहिलाच तर तो आतच राहतो. बाहेरच्या अंगानं घडी घातलेला कॉर्पोरल आमच्या आजीला दिसला असता तर तिनं तो मिस्सा चालू असताना उठून नीट केला असता.

आजी हे कपडे धुवायची. त्यासाठी निळ्या काठाची एनॅमलची परात वेगळी ठेवलेली होती, तिच्यात दुसरं काही भिजवायची कुणाची छाती नव्हती. आधी नुसत्या पाण्यात, साबण न लावता, कपडे बुडवून हलकेच खळबळायचे. ते पहिलं पाणी. ते मोरीत जात नसे. गटारात तर नाहीच नाही. आजी परात दोन्ही हातांनी धरून मागच्या अंगणात जायची आणि मोगऱ्याच्या आळ्यात ओतायची. मग दुसऱ्या पाण्यात साबण, तिसऱ्यात नीळ, शेवटी भाताची पेज गाळून केलेली खळ, आणि अर्धवट ओले असतानाच कोळशाची इस्त्री. ज्या प्याल्यात द्राक्षारस ख्रिस्ताचं रक्त होतो, त्याचा एखादा थेंब, एखादा कण त्या पाण्यात असणार, तो मातीलाच मिळाला पाहिजे, एवढं तिचं साधं गणित. मोगऱ्याच्या त्या आळ्यात आम्हाला गोट्या खेळायला बंदी होती. मोगरा मात्र बेताचाच फुलायचा. शेजारच्यांच्या मोगऱ्याला शेणखत असायचं, तो लदबदलेला.

मजा म्हणजे तिच्या तरुणपणी तिला हे पहिलं पाणी घालायची परवानगीच नव्हती. चर्चच्या 1917 च्या कायद्यात स्पष्ट कलम होतं: हे कपडे सामान्य माणसांकडे धुवायला देण्याआधी एकदा धर्मगुरूनं किंवा धर्मगुरू होण्याच्या वाटेवर वरच्या पायरीला पोचलेल्या कुणीतरी स्वतः खळबळले पाहिजेत. म्हणजे फादर सॅक्रिस्टीत, मिस्साच्या तयारीच्या खोलीत, बाह्या सरसावून रुमाल पिळताहेत, असं दृश्य. आजीनं ते पाहिलेलं होतं. "पिळायचे कसले, कुरवाळायचे," असं ती म्हणायची. ओल्या फडक्यांचं बोचकं मग तिच्या हवाली व्हायचं. पुढे 1962 ते 65 ची दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची रोममधली सभा, झाली. लॅटिन मिस्सा जाऊन मराठी आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. त्या सगळ्या खांदेपालटात कधीतरी हे पहिलं पाणीही गुपचूप आजीच्या परातीत आलं. मोठमोठ्या ग्रंथांत परिषदेबद्दल बरंच लिहिलंय. आमच्या घरी ती मोगऱ्यापर्यंत पोचली होती.

धर्मग्राम, एका चर्चची सगळी मंडळी, म्हणजे तसा अशाच कामांचा ढीग. पुढून दिसतो तो आल्तार, फुलं, मेणबत्त्या, गाणाऱ्यांचा कोयर. मागे कोण आहे? झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, वाटलेल्या झावळ्या वर्षभर घराघरांत क्रूसामागे खोचलेल्या असतात. राखेच्या बुधवारी त्यांचीच राख कपाळाला लावतात, म्हणून त्याआधी त्या चर्चमध्ये आणून द्यायच्या असतात. आणून देतात सगळे. पण जाळतं कोण? आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमन जाळतात. पत्र्याच्या घमेल्यात, घंटेच्या मनोऱ्यामागे, वाऱ्याकडे पाठ करून. झावळी भसकन पेटते आणि तेवढ्याच लवकर विझते, मधले हीर तसेच राहतात. ते निवडून परत जाळायचे. मग खलबत्ता, मग चहाची गाळणी, कारण जाड राख कपाळावर धरत नाही, खालच्या म्हातारीच्या चष्म्यावर सांडते. त्या बुधवारी हजारभर माणसं "तू माती आहेस" हे ऐकून गंभीर होऊन घरी जातात, आणि पोस्टमनकाका मागे उभे राहून राख बारीक झालीय की नाही ते कपाळं बघून तपासत असतात.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. आमचे पूर्वज आणि त्यांची काही चर्च इथंच राहिली. त्या काळातही कोणीतरी झाडत असेल, कोणीतरी दिव्यात तेल घालत असेल. त्यांच्याबद्दल काही लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. आणि वसईचा जो संत, गोन्सालो गार्सिया, 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर गेला आणि 1862 मध्ये संत झाला, तोही फादर नव्हता बरं. ब्रदर होता, म्हणजे मिस्सा न करणारा साधा संन्यासी. जपानी चांगली यायची म्हणून दुभाष्याचं काम करायचा. म्हणजे पुढे बोलणारा दुसरा आणि त्याचं बोलणं लोकांपर्यंत पोचवणारा हा.

सगळेच स्वयंसेवक असे मागे राहणारे असतात असं मात्र कुणी समजू नये. चर्चच्या वार्षिक सणाच्या दिवशी पार्किंगला उभा राहणारा स्वयंसेवक ही वेगळी जात आहे. आमचे एक गृहस्थ बँकेत आयुष्यभर टेबलामागे बसून "सर, दोन मिनिटं" एवढंच बोलले. घरी त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नाही. पण सणाच्या सकाळी छातीवर रिबिनीचा बिल्ला आणि तोंडात शिट्टी आली की त्यांचं जे काही होतं, ते पाहायला मी मुद्दाम लवकर जातो. बिशपांची गाडीसुद्धा त्यांनी एकदा केळीच्या बागेकडे वळवली होती. बिशप चालत आले, हसत आले. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे स्वतःचा बिशप असलेला विभाग, 1998 मध्ये झाला, तोवर बिशप मुंबईहून यायचे आणि वर्षातून कधीतरी दिसायचे. आता जवळच राहतात, तर त्यांनाही शिट्टीची सवय झाली असावी.

आणि सणाची मीटिंग! नोव्हेनाला, सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, प्रवचनकार कोण बोलवायचे हे पाच मिनिटांत ठरतं. मिरवणुकीचा मार्ग, बँड, मंडप, सगळं भराभर. मग अल्पोपाहाराचा मुद्दा येतो. वडापाव की समोसा. इथे दोन तट पडतात, जुने हिशेब निघतात, समोशातला बटाटा आंबल्याचं प्रकरण कोणीतरी उकरून काढतं, आणि रात्री साडेदहाला फादर जांभई दाबत "प्रभूवर सोपवू या" म्हणतात. प्रभूवर सोपवल्यावर दरवर्षी वडापावच येतो.

माझं स्वतःचं एक खूळ आहे, तेही सांगून टाकतो. सणाच्या मिस्साच्या शेवटी आभाराची यादी वाचतात ना, ती मला सोसत नाही. मंडपवाले, लाइटवाले, फुलं ज्यांनी दिली ते, फुलं ज्यांनी रचली त्या, वेदीसेवक, कोयर, कोयरच्या पेटीला नवा भाता देणारे कुटुंब. प्रत्येक नावाला टाळी. यादी सुरू झाली की मी बाजूच्या दारानं सटकतो आणि आवारातल्या चिंचेखाली उभा राहतो. कारण एक नाव राहतंच. एका वर्षी रोषणाईवाल्यांचं राहिलं, तर ते अख्खं कुटुंब वर्षभर शेजारच्या धर्मग्रामात मिस्साला जात होतं. सोबत त्यांची शिडीही गेली. नाताळचा तारा त्या वर्षी आम्ही फुटक्या स्टुलावर चढून लावला.

तर हे सगळं मी वहिनींना त्या दुपारी कुंपणावरून ऐकवलं. आजीचंही सांगितलं, जरा रंगवूनच: आयुष्यभर धुतलं, पण तिचं नाव कधी माइकवरून आलं नाही, आणि तिला त्याची गरजही नव्हती, याला म्हणतात सेवा, वगैरे. वहिनी चिमटे काढत होत्या. कपडे वाळले होते. त्यांनी शांतपणे एकेक रुमाल खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "मला बाई माझं नाव वाचलेलं आवडतं, भाऊजी. पुढच्याच बाकावर बसते मी त्या दिवशी. सासूबाईंना ऐकू यावं म्हणून."

मी हसलो. मग हसू जरा अडकलं.

आजीला गरज नव्हती, हे मला कुणी सांगितलं? तिनं तर नाही. तिला कुणी विचारलंही नव्हतं. माझ्या लहानपणी आल्तारावर मी चढायचो, आठ वर्षांचा, नाक पुसता न येणारा, घंटी वाजवायला आणि तिनंच इस्त्री केलेला कॉर्पोरल फादरांच्या हाताशी द्यायला. ती खाली बाकावर, लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेला. मुलींनी वेदीसेवा करायला रोमनं हरकत नाही म्हटलं ते 1994 मध्ये. बायकांनाही वाचक आणि वेदीसेवक म्हणून रीतसर नेमता यावं म्हणून पोप फ्रान्सिस यांनी कलम बदललं ते 2021 मध्ये. आजी त्याच्या कितीतरी आधी गेली. चर्चच्या वह्यांत तिचं नाव तीन ठिकाणी सापडतं: बाप्तिस्मा, लग्न, दफन. आणि या तिन्हींच्या मधल्या काळात ती जे करत होती ते मी मोठ्या अभिमानानं "निःस्वार्थ" म्हणून सांगत फिरतो. माझ्या सोयीचं आहे ते. नाव मागितलं असतं तर कोण देणार होतं तेव्हा?

म्हणजे यादी बरोबर, असं नव्हे. ती कंटाळवाणीच आहे, आणि पेटीच्या भात्याला टाळी हे जरा जास्तच. पण आता चिंचेखाली उभं राहताना पूर्वीसारखं शहाणं वाटेल की नाही, शंका आहे.

शिवाय काल फादरांचा फोन आला. यंदा आभाराची यादी तयार करायचं काम माझ्याकडे. "तुम्ही लिहिता-बिहिता," म्हणाले. हो म्हटलंय. धुणाऱ्या बायका महिन्यागणिक बदलतात, त्यांची नावं वहिनींकडून घ्यायची आहेत, पोस्टमनकाका स्वतःचं नाव घालू देणार नाहीत, शिट्टीवाल्यांचं वर असलं पाहिजे. शिडीवाल्यांचं तर सगळ्यात वर. एवढी काळजी घेऊनही कोणीतरी सुटणार. सुटू दे. भोगायला फादर आहेत.