वारुळाच्या मातीला फेस आला

मी माती तपासणीचं काम करतो, यवतमाळकडे. उन्हाळ्यात वावरं रिकामी झाली की गावोगाव नमुने घेत फिरायचं. मागच्या मे मधे एका बरड वावरात गेलो, वर वीतभर माती अन् खाली लगेच मुरूम. व्ही आकाराचा खड्डा करत होतो तर काका म्हणाले, "भाऊ, थ्या वारुळाचीबी पाहा ना. त्याच्या भवताल तूर डोक्याच्या वर जाते, बाकी वावरात कमरेलोक."

म्हटलं काका, नमुना अख्ख्या वावराचा पाहिजे, वारुळाजवळची माती आम्ही टाळतो. पण ते कमरेलोक काही डोक्यातून जाईना. चुना बघायला बॅगेत पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक अॅसिडची बाटली असतेच. वावरातल्या मातीवर थेंब टाकला, काही नाही. दहा पावलांवर वारुळाच्या कडेला पडलेल्या ढेकळावर टाकला अन् फसफसून फेस आला! पुन्हा टाकून बघितलं, तेच.

हा चुना आला कुठून? काकांनी विहिरीजवळ नेलं. विहिरीच्या उभ्या कापात सगळं दिसत होतं, माती, मग मुरूम अन् मुरमाच्या भेगांत चुन्याच्या पांढऱ्या रेघा. आपला काळा पाषाण म्हणजे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर. तो झिजून मुरूम होतो, सुटलेलं कॅल्शियम पाण्यासोबत खाली उतरतं आणि आपल्याकडं पाऊस बेताचा, ऊन कडक, म्हणून पार वाहून न जाता चुना होऊन तिथंच बसतं. वारूळ बांधणारी उधई, म्हणजे वाळवी, ओल शोधत त्या थरापर्यंत जाते अन् तिथली चिकण माती तोंडात धरून कण कण वर आणते, लाळेनं लिंपते. मी इतकी वर्षं वरची वीतभर माती घेऊन जमिनीचा रिपोर्ट देत होतो आणि ही एवढीशी किडी मुरमापर्यंत जाऊन आली होती.

चुना जास्त झाला तर स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकतं, पिकाला मिळत नाही, हे काकांना सांगितलं. नत्र (नायट्रोजन) तर त्या दगडात नाहीच, ते तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतून धरतात आणि उधईनं ओढून आणलेल्या काडीकचऱ्यातूनही थोडं येतं. म्हणून एकट्या चुन्यानं तूर वाढली असं मी म्हणणार नाही.

काका म्हणाले, "आमचा बाप पडक्या वारुळाची माती वावरात पांगवे. जितं वारूळ मात्र फोडू नाही देल्लं."

दुसरी पिशवी भरली, चिठ्ठीवर 'वारूळ' लिहिलं. निघताना धुऱ्यावर उंदराचं ताजं बीळ दिसलं, तोंडाशी उकरलेल्या मातीत पिवळट मुरमाचे खडे. बाटली परत बाहेर काढली.